लग्नाचं स्क्रिप्ट लिहिताना मराठी शब्द कुठून आणायचे

तुझा प्रश्न थोडक्यात असा आहे. ऑस्ट्रेलियात भटजी-पाद्र्यांशिवाय कायदेशीर लग्न लावणारी व्यक्ती म्हणजे सेलिब्रंट, त्याचा, म्हणजे सेलिब्रन्सीचा, कोर्स झाला, रजिस्ट्रेशन मिळालं, आणि मार्चमध्ये मेलबर्नबाहेर एका वायनरीत पहिलं लग्न लावायचंय. मुलगी साताऱ्याकडची, मुलगा इथलाच. दोघांनाही भटजी नकोत, संस्कृत नको, पण मुलीची आजी साताऱ्याहून व्हिडिओवर बघणार आणि त्यांना "लग्न लागलं बाई एकदाचं" असं वाटलं पाहिजे. स्क्रिप्ट निम्मं इंग्लिश निम्मं मराठी. आणि तू विचारलंस की ताई, तयार इंग्लिश स्क्रिप्टचं मराठी करून टाकलं तर चालेल ना?

नको करूस. मी चौदा वर्षं हे काम करतेय आणि पहिल्या दोन वर्षांत मी नेमकं तेच करत होते, म्हणून इतकं ठामपणे सांगते.

आधी कायद्याचं बोलून घेऊ कारण तिथे फार चॉइसच नाही. इथल्या मॅरेज अॅक्ट १९६१ च्या सेक्शन ४६ मधलं, लग्न म्हणजे काय ते सांगणारं वाक्य आपल्याला म्हणावंच लागतं, ते इंग्लिशमध्ये जसंच्या तसं म्हण, त्याला हात लावू नकोस. डिसेंबर २०१७ मध्ये त्यातलं "पुरुष आणि स्त्री" जाऊन "दोन व्यक्ती" आलं, त्यामुळे कोणाकडून जुनी फाइल घेतली असशील तर ती ओळ पहिल्यांदा तपास. सेक्शन ४५ मधलं त्या दोघांनी म्हणायचं वाक्य थोडं सैल आहे, त्या अर्थाचे शब्द चालतात, जुन्या इंग्लिशमधल्या "दी" (म्हणजे तुला) च्या जागी साधं "यू" आलं तरी हरकत नाही, पण दोघांची नावं आणि "नवरा म्हणून, बायको म्हणून स्वीकारते" हा गाभा जाता कामा नये. हे सगळं इंग्लिशमध्ये झालं की मग मी तेच मराठीत सांगते, आणि खरी कसोटी तिथे लागते.

कारण बघ. सेक्शन ४६ च्या वाक्यात "टू द एक्स्क्लूजन ऑफ ऑल अदर्स" असं आहे. मी सुरुवातीला सरळ "इतर सर्वांना वगळून" असं म्हणायचे. एका लग्नानंतर मुलाची आई माझ्याकडे आली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, आम्हालाही का वगळलंत हो? त्या बाई रागावल्या नव्हत्या, त्यांना खरंच लागलं होतं. त्यांच्या कानाला ते वाक्य "आता आईबाप बाहेर" असंच ऐकू गेलं, आणि चूक त्यांची नव्हती, मराठीत त्याचा तोच अर्थ होतो. आता मी म्हणते, "या दोघांच्या जोडीत तिसरं कोणी येणार नाही." सगळ्यांना कळतं, कोणी दुखावत नाही. "सॉलम्" चंही तसंच. डिक्शनरी गंभीर म्हणते, पण आपल्याकडे प्रकृती गंभीर असते, लग्न गंभीर कसं असेल? पवित्र म्हणावं तर या दोघांना धर्म नकोय. मी "मोलाचं आणि बांधिलकीचं नातं" म्हणते. "व्हॉलंटरिली" ला काही जण राजीखुशीने म्हणतात, मला तो शब्द खरेदीखतातला वाटतो, मी "आपल्या मर्जीने" म्हणते. आणि "फॉर लाइफ" ला जन्मभरासाठी. सात जन्म आणू नकोस, कायदा एकाच जन्माचं विचारतोय आणि पुनर्जन्म न मानणाऱ्या जोडप्याच्या तोंडी ते खोटं वाटतं.

आता मराठीतली एक गोष्ट जी इंग्लिश स्क्रिप्टमध्ये दिसतच नाही, ती म्हणजे तू आणि तुम्ही. इंग्लिशमध्ये दोघंही एकमेकांना "यू" म्हणतात, विषय संपला. मराठीत लिहायला बसलीस की हात आपोआप मुलीच्या तोंडी "तुम्हाला" आणि मुलाच्या तोंडी "तुला" लिहितो, मी स्वतः लिहिलंय, कळलं पण नाही. मग शंभर माणसांसमोर तो तिला तू म्हणून वचन देतो आणि ती त्याला तुम्ही म्हणून. एरवी घरी ते एकमेकांना काय म्हणतात ते विचार, आणि तेच दोन्ही बाजूंना सारखं लिही. एक जोडपं होतं, दोघंही पन्नाशीचे, दुसरं लग्न, ते खरंच एकमेकांना अहो-जाहो करायचे, तिथे दोघांच्याही तोंडी "तुम्ही" ठेवलं आणि इतकं गोड वाटलं ऐकायला! म्हणजे तुम्ही वाईट आणि तू चांगलं असं काही नाही, फक्त दोन्हीकडे तेच हवं.

दुसरं, आपण आणि आम्ही. एकमेकांना वचन देताना "आपण", पाहुण्यांकडे वळून बोलताना "आम्ही". हे उलटं झालं तर ती दोघं एकमेकांशी बोलतायत की प्रेक्षकांशी तेच कळत नाही. आणि तिसरं, हे मला फार उशिरा सुचलं, वचनं भविष्यकाळात लिही. "मी तुझी काळजी घेते", "घेतो" यात बाई-पुरुष येतो, पण "घेईन, राहीन, ऐकेन, देईन" यात येत नाही. दोघांना एकच वाक्य देता येतं, आणि वचन म्हणूनही भविष्यकाळच जास्त खरा, नाही का. स्वतःला स्त्री किंवा पुरुष यातलं काहीच न म्हणवणाऱ्या एकाचं लग्न मी लावलं तेव्हा अख्खा वचनांचा भाग "ईन" वर लिहिला, आणि तिथे बसलेल्या एकाही मराठी माणसाला काही अडखळल्यासारखं वाटलं नाही.

नवरा, पती, जोडीदार, यातला कुठला शब्द हेही लोक विचारतात. पती मध्ये मुळात धनी, मालक असा अर्थ आहे. बहुतेकांच्या डोक्यात तो नसतो, पण एखादीला माहीत असतो आणि तिला तो नको असतो. सहचर छान आहे पण माइकवर "सहज" ऐकू येतो. माझा कल नवरा आणि बायको याच शब्दांकडे आहे, घरातले आहेत, आजीला कळतात. दोन मुलींचं लग्न होतं तेव्हा एकीची आई मला विचारत होती की मी त्या दुसरीला काय म्हणू, सून की जावई? मी म्हटलं काकू, तुमच्या तोंडात काय येतं? त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, सूनच म्हणीन. मग स्क्रिप्टमध्ये तेच आलं. मी ठरवलं असतं तर काहीतरी गुळमुळीत "कुटुंबातील नवीन सदस्य" वगैरे लिहिलं असतं आणि त्या माउलीला आयुष्यभर शब्द मिळाला नसता.

कन्यादान हा शब्द काढ असं मी म्हणेन. जोडप्याला विचारून काढ, पण तुझं मत विचारलं तर सांग की काढा. दान दिलेली वस्तू परत येत नसते आणि मुलगी वस्तू नाही, हे आता बऱ्याच वडिलांनाच बोचतं. पण तिथे भोक ठेवू नकोस, ही चूक नवीन लोक हमखास करतात. वडिलांना त्या क्षणी काहीतरी करायचं असतं, ते वर्षानुवर्षं त्या क्षणाची वाट बघत असतात. "मी तिला सोपवतो" हेही देण्याघेण्याचंच झालं. आणि इंग्लिशमध्ये "हू गिव्ह्ज धिस वूमन" म्हणतात ते काही वेगळं नाही, तेव्हा मुलाकडचं मॉडर्न आणि आपलं जुनाट असंही समजू नकोस. मी आईवडिलांना, दोन्हीकडच्या, पुढे बोलावते आणि विचारते, "या दोघांच्या पाठीशी तुम्ही उभे राहाल का?" आणि ते म्हणतात, "राहू." पाठीशी उभं राहणं हा आपला वाक्प्रचार आहे, भाषांतर नाही, आणि त्यात आई पण येते. एका वडिलांना तेवढं पुरेना, त्यांना आणखी एक वाक्य हवं होतं, मी म्हटलं तुम्हीच सांगा, तर ते म्हणाले, "घराचं दार कायम उघडं आहे." दोनच सेकंद लागले पण सगळा मंडप रडला.

आता जे मला सांगायला जड जातं ते. तिसऱ्या का चौथ्या वर्षी मी एका लग्नात शेवटी आशीर्वाद म्हणून "तुमचं घर मुलाबाळांनी भरू दे" असं म्हटलं. वाक्य नेहमीचं, आपण सगळे लग्नात ऐकत आलोय. मुलीचा चेहरा मी समोरून बघितला. त्यांचं आधीपासून एकत्र राहणं होतं, त्यांची दोन बाळं पोटातच गेली होती, घरच्यांना माहीत नव्हतं, मला माहीत नव्हतं, कारण मी विचारलं नव्हतं. ती काही बोलली नाही, फोटोत हसलीय सुद्धा. नंतर महिन्याभराने तिने मला लिहिलं. तेव्हापासून माझ्या कुठल्याच टेम्प्लेटमध्ये मुलांचा उल्लेख नाही, जोडप्याने स्वतः सांगितला तरच. सप्तपदीचंही तेच, आपल्या पारंपरिक सात पावलांत अन्न, बळ, संपत्ती, सुख, मग पाचवं संतती, सहावं ऋतू आणि सातवं सख्य. तुझ्या जोडप्याला सात पावलं मराठीत हवी असतील, आणि आजीसाठी मी ती नक्की ठेवेन, तर पाचव्या पावलाला काय म्हणायचं ते दोघांना विचार. कोणी "ज्यांना आपण वाढवू त्यांच्यासाठी" असं ठेवतं, त्यात पुतणे, विद्यार्थी, कुत्रासुद्धा येतो. सातवं पाऊल मात्र सोडू नकोस, संस्कृत नको असलं तरी त्याचा अर्थ, की सात पावलं बरोबर चाललो आता आपण मित्र झालो, याच्याहून चांगलं वाक्य मी आजवर लिहू शकले नाहीये.

विचारायचं कधी? २०२४ पासून आपल्याला लग्नाआधी दोघांना वेगवेगळं, प्रत्यक्ष भेटावं लागतं, कोणावर जबरदस्ती नाही ना हे बघायला. ते काम आधी नीट कर, ते सगळ्यात महत्त्वाचं. पण त्याच भेटीत मी एक प्रश्न विचारते: "असा कुठला शब्द आहे का जो त्या दिवशी तुझ्या कानावर पडायला नको?" एकटं असलं की लोक सांगतात. एकीने सांगितलं "माहेर" म्हणू नका, तिला माहेर उरलंच नव्हतं. एकाने सांगितलं "सुपुत्र" नको, वडिलांशी बोलणं नव्हतं. ही माहिती दोघं शेजारी बसलेले असताना मिळत नाही, आणि आईवडिलांसमोर तर नाहीच. लिहून घे, आणि दुसऱ्याला का काढलं ते सांगू नकोस.

दुसरी युक्ती, जोडप्याला एकमेकांबद्दल बोलायला लाव आणि रेकॉर्ड कर, परवानगी घेऊन. मग घरी ऐकताना त्यांनी वापरलेलेच शब्द स्क्रिप्टमध्ये घे. मुलगी म्हणाली "तो फार समजूतदार आहे" तर समजूतदारच लिही, त्याचं प्रगल्भ करू नकोस. लग्नाचं मराठी लिहायला बसलं की सगळ्यांना पत्रिकेची भाषा चढते, चि. सौ. कां., मंगल परिणय, रेशीमगाठी, साताजन्माच्या गाठी, आणि मग ती माणसं त्यात कुठे दिसतच नाहीत. पत्रिकेत शोभतं ते, तोंडी नाही. आणि प्रत्येक ओळ मोठ्याने म्हणून बघ, उभं राहून, शक्य तर बाहेर. वायनरीत वारा असतो. "प्रतिज्ञाबद्ध", "दृढनिश्चय" असले शब्द माइकवर फुटतात, आणि घाबरलेल्या नवऱ्यामुलाच्या तोंडात तर अडकतातच. तुझ्या मुलाला एखादी ओळ मराठीत म्हणायचीय असं तू लिहिलंयस, फार छान, त्याला ळ आणि ण नसलेली ओळ दे. "मी तुझ्यासोबत राहीन." बस. तो झ थोडा बिघडवेल, बिघडवू दे.

तुला कदाचित वाटत असेल की भटजींशिवाय, संस्कृतशिवाय, आपल्या भाषेत लग्न म्हणजे आपण काहीतरी परदेशी घुसवतोय. आजीच्या घरातून कोणी तसं म्हणालं तर सांग त्यांना. जोतिराव फुल्यांनी सप्टेंबर १८७३ मध्ये सत्यशोधक समाज काढला आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला पुण्यात पुरोहिताशिवाय पहिलं सत्यशोधक लग्न लागलं. त्यांच्या मंगलाष्टकांत वधू आणि वर आळीपाळीने एकमेकांशी बोलतात, तीही मराठीत, वधू बायकांच्या हक्कांचं विचारते आणि वर शब्द देतो. इथे ऑस्ट्रेलियात अॅटर्नी जनरल लायोनेल मर्फी यांनी पहिली सिव्हिल सेलिब्रंट नेमली ती जुलै १९७३ मध्ये. म्हणजे जवळपास शंभर वर्षांनी! मी हे वाचलं तेव्हा दिवसभर माझ्या डोक्यात तेच होतं. आपण जे करतोय ते आपल्याकडे आधी झालंय, आणि साताऱ्याच्या आजीला तर हे सांगायलाच हवं, फुल्यांचं मूळ गाव कटगुण सातारा जिल्ह्यातच आहे.

मंगलाष्टकं नवीन लिहून हवी असतील तर एक सावध करते. आपल्या कानात ती शार्दूलविक्रीडितात बसलीयेत, एका ओळीत एकोणीस अक्षरं, बाराव्यावर थांबा. वृत्त चुकलं की म्हणणारी आत्या पहिल्याच ओळीत अडखळते आणि मग सगळे एकमेकांकडे बघतात. जमत असेल तर वृत्तात लिही, लिहिणारं कोणी असेल तर त्यांच्याकडून लिहून घे, नाहीतर सरळ साधं गद्य ठेव आणि प्रत्येक तुकड्याच्या शेवटी सगळ्यांनी "शुभमंगल सावधान" म्हणायचं. हे दोन शब्द संस्कृत आहेत असं कोणी म्हणेल, पण ते आता मराठीच झालेत, ते ऐकल्याशिवाय अक्षता टाकायला हात उठत नाही. समर्थ रामदास "सावधान" ऐकून मंडपातून निघून गेले ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो, एका शब्दात किती ताकद असते त्याचं याहून जवळचं उदाहरण मला देता येणार नाही. ते दोन शब्द ठेवच.

इथल्या भूमीच्या मूळ लोकांची आठवण सुरुवातीला काढायची असेल, मी काढते, मेलबर्नकडे असलीस तर बहुतेक वुरुंजेरी लोकांची, पण वायनरी कुठल्या भागात आहे ते बघून नाव नक्की कर, भागाप्रमाणे बदलतं. त्यांना इंग्लिशमध्ये "कस्टोडियन" म्हणतात, त्याला मराठीत मालक म्हणू नकोस, ती कल्पनाच उलटी होते. मी "या भूमीचे राखणदार" म्हणते. कोकणातल्या एका आजोबांनी नंतर मला थांबवून सांगितलं की राखणदार म्हटल्यावर मला लगेच कळलं, आमच्या गावाला पण राखणदार आहे, म्हणजे गाव राखणारा देव. पुण्यातल्या कोणाला तो शब्द वॉचमनसारखा वाटू शकतो, म्हणून मी आधी "पिढ्यान्‌पिढ्या" जोडते.

अजून एक, तू विचारलं नाहीस पण लग्नं सुरू झाली की लोक अंत्यविधीसाठीही बोलावतील, आपल्या लोकांना इथे मराठी बोलणारं कोणी सापडत नाही. तिथे शब्द आणखी जपून. कैलासवासी आणि वैकुंठवासी हे दोन वेगळे आहेत, वारकरी घरात वै. असतं, नास्तिक माणसाला यातलं काहीच नको, तिथे दिवंगत. घरचे "गेले" म्हणत असतील तर तूही गेले म्हण, "देवाज्ञा झाली" तुझ्याकडून नको. बायकोला "गं. भा." कोणी लिहून पाठवलं तर तिला विचारल्याशिवाय उच्चारू नकोस, नुसतं नाव घे. कॅन्सरने गेलेल्या माणसाबद्दल "त्यांची झुंज अपयशी ठरली" असं एकदा माझ्या कच्च्या स्क्रिप्टमध्ये होतं, त्यांच्या पत्नीने पेनाने काढलं आणि वर लिहिलं, "ते हरले नाहीत, आजारी होते." आणि कोणी स्वतःचं आयुष्य संपवलं असेल तर घरच्यांना तो उल्लेख हवा का ते आधी विचार, हवा असेल तर "हत्या" असलेला शब्द टाळ, "त्याने आपलं आयुष्य संपवलं" एवढंच, आणि त्या पुढच्या वाक्यात त्याचं नाव घे.

आता मुलीच्या आजींकडे येते. त्यांना फोन कर, तू स्वतः, नातीमार्फत नको. त्यांना विचार की तुमच्या लग्नात कोण काय म्हणालं होतं, काय आठवतं. त्यातला एखादा शब्द, घास भरवताना घेतलेला उखाणा असेल, गावदेवाचं नाव असेल, तो जोडप्याला विचारून स्क्रिप्टमध्ये घाल, आणि त्या शब्दाच्या आधी एक श्वास थांब म्हणजे त्यांना तो सापडेल. वायनरीवाले तांदूळ टाकू देणार नाहीत बहुतेक, तर फुलांच्या पाकळ्यांना अक्षताच म्हण, आजींच्या हातात तिकडे खरे तांदूळ असू देत, "शुभमंगल सावधान" ला त्यांनाही टाकायला सांग. मार्चमध्ये इथे डेलाइट सेव्हिंग असतं, घड्याळ तासभर पुढे, म्हणजे फरक साडेपाच तासांचा, तू साडेतीनला सुरू केलंस तर साताऱ्यात सकाळचे दहा, त्यांची पूजा झालेली असेल. आणि व्हिडिओचा आवाज फोनच्या माइकवर सोडू नकोस, स्पीकरवाल्याकडून वायर घेऊन थेट जोड, नाहीतर एवढे निवडून ठेवलेले शब्द तिकडे वाऱ्यात जातील.